डॉक्टरांचा संप आणि आपली जबाबदारी

(न्यासाच्या वर्धापनदिनी देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातलग यांच्या सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या सभेत आम्ही वर्षभरातील कामाचा गोषवारा आपल्यापुढे ठेवतो. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, जमाखर्चाचा मेळ कसा बसला, हे सारे अहवालाच्या पुढील पानांत सविस्तर आले आहे. आज मात्र त्या आकड्यांची उजळणी न करता एका अवघड विषयावर आपल्याशी मोकळेपणाने बोलावे, असे विश्वस्त मंडळाने ठरविले. हा विषय आहे डॉक्टरांच्या संपाचा.

त्याला निमित्त झाले ते दोन पत्रांचे. सरकारी रुग्णालयांतील निवासी डॉक्टर संपावर असताना ही दोन्ही पत्रे आमच्या कार्यालयात आली. पहिले पत्र एका वयोवृद्ध देणगीदारांचे. दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ ते दरवर्षी न चुकता देणगी देतात. त्यांनी लिहिले होते, "ज्यांच्या हाती आपण जीव सोपवतो, तेच हात आखडते घेऊ लागले, तर गरिबाने कुणाच्या भरवशावर राहायचे? उद्या तुमच्याकडे असे घडले तर माझी देणगी मी कोणत्या विश्वासाने पाठवावी?" दुसरे पत्र एका आईचे. त्यांची मुलगी एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत निवासी डॉक्टर म्हणून काम करते. त्यांनी लिहिले होते, "छत्तीस छत्तीस तास काम करून मुलगी घरी येते आणि ताटावरच पेंगते. तेव्हा तिला कुणी काही विचारत नाही. ती संपावर गेली की मात्र सारे गाव विचारते."

दोन्ही पत्रे आम्ही विश्वस्त मंडळाच्या बैठकीत वाचून दाखविली. बैठकीत सरळ दोन तट पडले आणि त्या दिवशी एकमत झाले नाही. बाहेर समाजात जो मतभेद आहे, तोच आमच्या टेबलाभोवती बसलेला होता. त्या मतभेदातून आम्ही काय शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. निवासी डॉक्टर म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढील शिक्षण घेणारा तरुण किंवा तरुणी. तो विद्यार्थीही असतो आणि रुग्णालयाचा कर्मचारीही. त्याला मिळणाऱ्या पैशाला वेतन न म्हणता विद्यावेतन म्हणतात. पण रात्री अपरात्री अपघात विभागात पहिला धावून येतो तो तोच. आपल्या नागपूरकरांच्या बोलण्यात जे "मेडिकल" आणि "मेयो" आहेत, त्या दोन्ही रुग्णालयांचा बराचसा भार याच मुलामुलींच्या खांद्यावर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून थेट मध्य प्रदेशातील बालाघाट, शिवनी, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण या दोन फाटकांशी येऊन उतरतात. तेथील काम एक दिवस थांबले, तर त्याचा धक्का किती दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचतो, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी अनुभवले असेल.

महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांची संघटना "मार्ड" या नावाने आपणांस ठाऊक आहे. जुलै २००९ मध्ये विद्यावेतनाच्या प्रश्नावर या डॉक्टरांनी संप केला. जुलै २०१४ मध्ये "मॅग्मो" या संघटनेतील सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काम बंद ठेवले. वर्षानुवर्षे अस्थायी म्हणून राबणाऱ्या डॉक्टरांना सेवेत कायम करावे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्या वेळी शहरांपेक्षा खेड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांना अधिक झळ बसली. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे एका डॉक्टरला रुग्णाच्या नातलगांनी अमानुष मारहाण केली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. जानेवारी २०२३ मध्ये वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे आणि वसतिगृहांची दुरवस्था या प्रश्नांवर संप झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा विद्यावेतन आणि वसतिगृहांसाठी झाला. त्याच वर्षी ९ ऑगस्ट रोजी कोलकाता येथील रुग्णालयात एका तरुण महिला डॉक्टरवर कर्तव्यावर असताना अत्याचार होऊन तिची हत्या झाली, आणि देशभरातील डॉक्टर रस्त्यावर आले. नागपूरचे डॉक्टरही त्यात होते.

ही यादी आम्ही मुद्दाम वाचली. वेतन, मुदत, तास, निवारा आणि सुरक्षितता या पाच गोष्टींभोवतीच हे सारे संप फिरतात. या पाचही गोष्टी खरे पाहता सेवेच्या अटींच्या आहेत. म्हणजे डॉक्टर ज्या कागदावर सही करून कामाला लागतो, त्या कागदाच्या आहेत.

आता पहिल्या पत्राची बाजू पाहू. ती हलकी नाही. संपाचा फटका कुणाला बसतो? ज्याच्याकडे पैसा आहे तो धंतोली, रामदासपेठेत जातो. निर्णय घेणारे अधिकारी आणि मंत्री सर्वसाधारण वॉर्डातील खाटेवर झोपत नाहीत. ज्याचे हातावर पोट आहे आणि ज्याने एस.टी.च्या तिकिटासाठी उसने पैसे काढले आहेत, तोच बाह्यरुग्ण विभागाच्या बंद खिडकीपुढे उभा राहतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली म्हणजे कागदावर केवळ तारीख बदलते. त्या कुटुंबाचे मात्र आणखी काही दिवसांच्या मजुरीवर पाणी पडते, आणि सोबत आलेला मुलगा किंवा सून तितके दिवस रुग्णालयाच्या आवारात चूल मांडून राहते. काही जण गावी परत जातात आणि पुन्हा येतच नाहीत. त्यांची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही.

न्यायालयांनीही या बाजूला वेळोवेळी वजन दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तामिळनाडूतील कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत अथवा नैतिक हक्क नाही, असे म्हटले. त्यापूर्वी १९८९ मध्ये, अपघातग्रस्ताला तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे त्याच न्यायालयाने सांगितले, आणि १९९६ मध्ये, वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरविला. मार्च २०१७ च्या आंदोलनात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना कठोर शब्दांत सुनावले. भीती वाटत असेल तर नोकरी सोडा, अशा आशयाचे उद्गार त्या वेळी काढले गेले.

परंतु दुसरे पत्रही तितकेच खरे आहे. निवासी डॉक्टरांनी सामान्यतः आठवड्याला ४८ तास काम करावे आणि एका वेळी सलग १२ तासांहून अधिक करू नये, असे केंद्र शासनाच्या निवासी योजनेतील निर्देश १९९२ पासून आहेत. त्यास तीन दशके लोटली. आज कोणत्याही मोठ्या शिक्षण-रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रिया किंवा प्रसूती विभागातील कनिष्ठ डॉक्टरला विचारावे, काल रात्री किती तास झोपलात? उत्तर ऐकून आपलीच झोप उडेल. ट्रक चालविणाऱ्याने झोप काढली नसेल तर आपण त्याच्या शेजारी बसत नाही. त्याच अवस्थेतील माणसाच्या हाती मात्र आपण सलाइनमधील औषधाची मात्रा मोजण्याचे काम निर्धास्तपणे सोपवितो.

त्यातच बंधपत्राचा प्रश्न आहे. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्याने काही काळ शासनाची सेवा करावी, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. समाजाच्या पैशावर शिकलेल्याने समाजाचे ऋण फेडावे, हे योग्यच. परंतु ती सेवा न केल्यास भरावयाची रक्कम आपल्या राज्यात एम.बी.बी.एस. साठी १० लाख, पदव्युत्तर शिक्षणासाठी ५० लाख आणि अतिविशेष अभ्यासक्रमासाठी २ कोटी रुपये इतकी ठरविली गेली. एवढ्या रकमेची सही ज्याच्याकडून घेतली जाते, त्याला वसतिगृहात धड खोली, भिंतीला न गळणारे छप्पर आणि वेळेवर विद्यावेतन मागता येऊ नये काय?

आणि आता सर्वांत अप्रिय गोष्ट. मार्च २०१७ मध्ये काम थांबले, तेव्हा कुठे राज्यातील सरकारी रुग्णालयांसाठी १,१०० सुरक्षारक्षक देण्याची तयारी शासनाने न्यायालयात दाखविली. जानेवारी २०२३ मध्ये संप सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी चर्चेतून मिटला. म्हणजे जी चर्चा एका दिवसात होऊ शकत होती, ती आधीच्या महिन्यांत झाली नव्हती. फेब्रुवारी २०२४ च्या संपानंतर विद्यावेतनात दरमहा १०,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. कोलकात्याच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ रोजी डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्जाला उत्तर मिळत नाही, संपाला मिळते, हा धडा आपल्या व्यवस्थेनेच या मुलांना दिला आहे. तो धडा त्यांनी नीट गिरविला, म्हणून आपण त्यांच्यावर रागावतो.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असेही नाही. ज्या इंग्लंडमध्ये महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील मुलेमुली डॉक्टर म्हणून काम करीत आहेत, तेथे २०१६ साली कनिष्ठ डॉक्टरांच्या नव्या करारावरून मोठा वाद पेटला. शनिवार-रविवारी रुग्णसेवा अधिक सुदृढ असावी, असे सरकारचे म्हणणे होते. त्यासाठी शनिवारचे पुष्कळसे तास नेहमीच्या कामाच्या दरात धरण्याचा प्रस्ताव होता. त्याच मनुष्यबळात आम्हांला अधिक ताणले जाईल आणि रुग्णाची सुरक्षितता धोक्यात येईल, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू रुग्णाचेच नाव घेत होत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जानेवारीत संप सुरू झाले आणि २६ व २७ एप्रिल २०१६ रोजी कनिष्ठ डॉक्टर तातडीच्या सेवेतूनही बाहेर पडले. ती बाजू वरिष्ठ तज्ज्ञांनी स्वतः उभे राहून सांभाळली. जुलैमध्ये सुधारित करार मतास टाकला असता ५८ टक्के डॉक्टरांनी तो नाकारला. तरीही तो लागू करण्यात आला. पुढे आणखी वाटाघाटी होऊन २०१९ मध्ये ८२ टक्क्यांच्या संमतीने त्यात दुरुस्त्या झाल्या, आणि तो वाद मिटला. २०२३ पासून वेतनाच्या प्रश्नावर तेथे पुन्हा संप झाले, ती गोष्ट वेगळी.

त्या करारातील एक तरतूद मात्र आम्हांस फार मोलाची वाटली. डॉक्टरांच्या कामाचे तास सुरक्षित मर्यादेत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी प्रत्येक संस्थेत एक स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. ठरल्याहून अधिक काम झाले, विश्रांती मिळाली नाही, तर डॉक्टरने त्याच्याकडे लेखी नोंद करावयाची आणि त्याने त्या नोंदींचा अहवाल थेट संचालक मंडळापुढे ठेवावयाचा. तक्रार संपापर्यंत पोहोचण्याआधी तिला एक दार मिळाले. ते दार किती उघडे राहते, हा ज्या त्या संस्थेचा प्रश्न. पण दार असणे ही पहिली पायरी आहे.

येथे एक शंका घेतली जाते. डॉक्टर संपावर गेल्याने खरोखरच माणसे दगावतात का? १९७६ ते २००३ या काळात जगात झालेल्या पाच डॉक्टर-संपांवरील अभ्यासांचा एक आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंचे प्रमाण संपकाळात वाढलेले आढळले नाही. काही ठिकाणी ते घटलेले होते. या निष्कर्षाचा विपर्यास करून कुणी डॉक्टरांची थट्टा करतात, तर कुणी संपाचे समर्थन. दोन्ही चूक. त्या संपांत पूर्वनियोजित शस्त्रक्रिया थांबल्या होत्या, त्यामुळे त्यांतील जोखीमही तेवढ्यापुरती टळली. आणि तातडीची सेवा वरिष्ठांनी चालू ठेवली होती. यातून आम्ही एकच बोध घेतला. तातडीची सेवा कोण सांभाळणार हे आधी ठरलेले असेल, तर मतभेदाची किंमत रुग्णाला जिवाने मोजावी लागत नाही. पण मृत्यू हेच एक माप धरले, तर दारावरून परत गेलेल्या त्या कुटुंबाचे दुःख कशाने मोजणार, हा प्रश्न उरतोच.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत आम्ही शासनाच्या आणि परदेशाच्या गोष्टी केल्या. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, तसे होऊ नये म्हणून आता स्वतःकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच रुग्णालयात हे घडले. त्या वर्षी तूट आली होती. खर्चात कपात करावी म्हणून आम्ही निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या करारात बदल केला. हे करार अकरा महिन्यांचे. तशी अनेक धर्मादाय रुग्णालयांत रीत आहे. नव्या मसुद्यात रात्रपाळीचा भत्ता एकत्रित मानधनात विलीन केला आणि बारा तासांच्या पाळीऐवजी चोवीस तासांची पाळी आणली. त्यामुळे दोन डॉक्टर कमी लागणार होते. हा निर्णय आम्ही सूचनाफलकावर लावला. चर्चा केली नाही. डॉक्टरांनी पत्र दिले, ते फाइलीत राहिले. दुसरे पत्र दिले, तेही तेथेच राहिले. तिसरे पत्र आले ते असे: पुढील महिन्याच्या एक तारखेपासून आम्ही रात्रपाळी करणार नाही.

आम्ही संतापलो. हे धर्मकार्य आहे, येथे संपाची भाषा कशी चालेल, असे आमच्यापैकी बहुतेकांना वाटले. लोकांच्या दानावर चालणाऱ्या संस्थेला कोंडीत पकडणे हा कृतघ्नपणा आहे, असेही एकाने म्हटले. तातडीची बैठक बोलाविली. एका बाजूस आम्ही, दुसऱ्या बाजूस डॉक्टर. दार उघडेच होते आणि बाहेरच्या बाकावर काटोल तालुक्यातील एक गृहस्थ बसले होते. त्यांची आई आमच्याकडे दाखल होती. आमचे चढलेले आवाज त्यांनी बराच वेळ ऐकले असावेत. ते उठून दारात आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमचं भांडन तुमी पाहून घ्या. पन रात्री दोन वाजता माह्या मायच्या खाटेपाशी जो डाक्टर येईन, तो जागा राहीन का झोपेत राहीन, तेवढं फक्त सांगा."

सभागृहात कुणीच बोलले नाही. आम्ही करारातील कलमांवर दोन तास वाद घातला होता, पण हा प्रश्न ना आमच्या तोंडून निघाला होता, ना डॉक्टरांच्या. त्या करारपत्रावर दोनच सह्या होत्या, न्यासाची आणि डॉक्टरची. ज्याच्यासाठी न्यास स्थापन झाला आणि ज्याच्यासाठी डॉक्टर नेमला, त्याची सही कुठेच नव्हती. तो या करारातील तिसरा पक्ष आहे, आणि कुठल्याही बैठकीला त्याला बोलावले जात नाही. संप झाला तर तो भोगतो. आणि संप न होता थकलेला डॉक्टर निमूट राबत राहिला, तरीही भोगतो तोच.

आपल्याकडे चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. चौघेही आपापल्या गुणांनी युक्त असतील तर रोग बरा होतो, असा त्याचा भाव आहे. त्या काळी वैद्य आणि रुग्ण यांच्यामध्ये संस्था नव्हती. आज ती आहे. आम्ही, म्हणजे विश्वस्त आणि देणगीदार, त्या चौघांना एकत्र आणणारे छप्पर आहोत. छप्पर गळत असेल तर आतल्या माणसांनी एकमेकांना दोष देण्यात अर्थ नाही.

त्या बैठकीनंतर आम्ही नवा मसुदा मागे घेतला आणि काही नियम स्वतःला घालून घेतले. ते आज आपल्यासमोर सांगतो, म्हणजे उद्या आम्ही ते मोडले तर आपण आम्हांस जाब विचारू शकाल.

पहिला नियम असा की, सेवेच्या अटींत कोणताही बदल करावयाचा झाल्यास तो तीन महिने आधी लेखी, मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत, संबंधित डॉक्टर आणि परिचारिकांच्या हाती दिला जाईल आणि त्यावर समोरासमोर चर्चा होईल. त्या चर्चेस रुग्णांच्या नातलगांपैकी एक प्रतिनिधी उपस्थित राहील. त्याला मताचा अधिकार नसेल, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार असेल. काटोलच्या त्या गृहस्थांनी जो प्रश्न आगंतुकपणे विचारला, तो आता रीतसर विचारला जाईल.

दुसरा नियम तासांच्या नोंदीचा. कोणत्या डॉक्टरने किती तास सलग काम केले, याचे रजिस्टर ठेवले जाते आणि दरमहा ते विश्वस्त मंडळापुढे जमाखर्चाच्या शेजारी मांडले जाते. पूर्वी आम्ही औषधांच्या बाटल्या मोजीत होतो, माणसांची झोप मोजीत नव्हतो. आजही या रजिस्टरात सर्व महिने समाधानकारक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. एखादा डॉक्टर आजारी पडतो, कुणी नोकरी सोडून जातो, आणि मर्यादा ओलांडली जाते. पण आता ती ओलांडली गेल्याचे आम्हांस कळते आणि कारण द्यावे लागते.

तिसरा नियम पत्रांचा. डॉक्टर, परिचारिका किंवा चतुर्थश्रेणी कर्मचारी, कुणाचेही लेखी निवेदन आले तर पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर जाते. उत्तर नकारार्थी असू शकते. पण ते सकारण असते.

चौथा नियम दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे. मतभेद कितीही विकोपाला गेले तरी अपघात विभाग, प्रसूतिगृह, अतिदक्षता विभाग, डायलिसिस आणि रक्तपेढी या सेवा थांबणार नाहीत. त्या कोण सांभाळणार याची यादी वर्षाच्या आरंभीच तयार होते आणि तिच्यावर आमच्या वरिष्ठ मानद तज्ज्ञांचीही नावे असतात. निषेध नोंदविण्याचा हक्क आम्ही डॉक्टरांकडून काढून घेतलेला नाही. त्यांनीही रुग्णाच्या श्वासाला हात न लावण्याचा शब्द दिला आहे. हे कायद्याच्या धाकाने झालेले नाही. समोरासमोर बसून ठरविले, म्हणून ते टिकले आहे.

आणि पाचवा नियम शेजारधर्माचा. सरकारी रुग्णालयांत संप असेल, त्या काळात आमच्या दरात एका पैशाचीही वाढ होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तयार झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात, आणि त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. संपाच्या दिवसांत या खाटा भरतात आणि निधी अपुरा पडतो. तरीही दुसऱ्याच्या अडचणीत आपली कमाई करणे हे धर्मादाय या शब्दाशी द्रोह करणे होय, असे आम्ही मानतो.

या नियमांची किंमत मोजावी लागली, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. जे दोन डॉक्टर कमी करावयाचे होते ते कायम राहिले आणि पुढे आणखी एक नेमावा लागला. त्या वर्षी घ्यावयाचे सोनोग्राफी यंत्र दोन वर्षे पुढे ढकलावे लागले. काही देणगीदार त्यामुळे नाराज झाले. त्यांची नाराजी समजण्यासारखी होती, कारण यंत्र डोळ्यांना दिसते. जागा असलेला डॉक्टर डोळ्यांना दिसत नाही; तो झोपेत असला आणि चूक झाली, तरच दिसतो.

म्हणून देणगीदारांना आमची एक नम्र विनंती आहे. आपण खोल्या बांधून देता, यंत्रे देता, रुग्णवाहिका देता. त्यांवर आपल्या आईवडिलांची नावे कोरली जातात आणि ती पाहून आमचीही मान आदराने लवते. परंतु रात्रपाळीच्या डॉक्टरांच्या विश्रामकक्षासाठी, परिचारिकांच्या रात्रीच्या जेवणासाठी, एका जादा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वर्षभराच्या वेतनासाठी आजवर फारच थोड्यांनी देणगी दिली आहे. तेथे नावाची पाटी लावायला भिंत नाही, हे खरे. पण त्या दानाने जो जागा राहील, तो रात्री दोन वाजता कुणाच्यातरी आईच्या खाटेपाशी उभा असेल.

रुग्णांच्या नातलगांनाही दोन शब्द. आपल्या राज्यात डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हिंसेविरुद्ध २०१० सालापासून कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण आम्ही कायद्याचा धाक दाखवीत नाही. आपला माणूस हाती लागत नाही हे दिसू लागले म्हणजे मन ताळ्यावर राहत नाही, हे आम्ही जाणतो. अशा वेळी समोर असतो तो बहुधा सर्वांत तरुण, सर्वांत थकलेला आणि सर्वांत कमी अधिकार असलेला डॉक्टर. त्याच्यावर उगारलेला हात खरे म्हणजे आमच्या दाराशी यावयास हवा, कारण खाट कमी पडली, औषध आले नाही, माहिती दिली गेली नाही, यांपैकी बहुतेक गोष्टी त्याच्या हातात नसतात. कार्यालयाचे दार उघडे आहे. राग घेऊन तेथे या. आम्ही ऐकून घेऊ.

आणि येथे उपस्थित असलेल्या आमच्या तरुण डॉक्टरांना सांगावेसे वाटते की, आपल्या मागण्या रास्त असतील तेव्हाही रुग्णाने आपल्याला दिलेला विश्वास हा आपला सर्वांत मोठा ठेवा आहे. तो खर्ची घालण्यापूर्वी शंभर वेळा विचार करा. आणि आम्ही पत्राला उत्तर दिले नाही, तर ते पत्र पुन्हा पुन्हा आमच्या टेबलावर आणून ठेवा.

ज्यांनी पहिले पत्र लिहिले, त्या ज्येष्ठ देणगीदारांना आम्ही ही सारी हकीकत कळविली. त्यांचे समाधान पूर्णपणे झाले असे नाही. डॉक्टरने संप करू नये, हे त्यांचे मत आजही कायम आहे, आणि त्या मताचा आम्ही आदर करतो. परंतु या वर्षीची देणगी पाठविताना त्यांनी सोबतच्या चिठ्ठीत एक ओळ लिहिली: "ही रक्कम रात्रपाळीच्या खोलीसाठी वापरावी." ती खोली आता तयार आहे. तीत दोन खाटा आहेत, एक पंखा आहे आणि उन्हाळ्यासाठी एक कूलर आहे. दारावर पत्नीच्या नावाची पाटी लावू का, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी नको म्हणून कळविले.

संप योग्य की अयोग्य, या प्रश्नाचे उत्तर संपाच्या दिवशी शोधू गेल्यास ते कुणालाच सापडत नाही. त्या दिवशी सगळेच रागावलेले असतात. ते आदल्या वर्षी शोधावे लागते, करारपत्राचा मसुदा टेबलावर असताना. ते काम आमचे आहे आणि त्यात आपली साथ हवी आहे.